जंगलातली गोष्टीची वाट: सोलापुरात लहान मुलांना नेताना या चुका टाळा

पायवाटेच्या कडेने थोड्या थोड्या अंतरावर गोष्टीची पानं लावायची. एक पान वाचायचं, चालायचं, पुढचं शोधायचं. गोष्ट संपते तेव्हा चालणंही झालेलं असतं. 2007 साली अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यात, माँटपेलियर गावी अ‍ॅन फर्ग्युसन यांनी हा प्रकार सुरू केला. त्या आरोग्याच्या क्षेत्रात काम करत होत्या, आणि मुलं खेळताना आईवडील बाकावर बसून राहतात, त्यांनीही चालावं हा त्यांचा मूळ हेतू होता.

सोलापुरात एका सकाळपुरती अशी वाट मांडायला विजापूर रोडवरचं सिद्धेश्वर वनविहार बरं पडतं. शहराला लागून आहे, झाडी आहे, आणि चार-पाच कुटुंबं किंवा एखादी बालवाडी मिळून हे सहज करू शकते. मांडणाऱ्यांचा उत्साहही दांडगा असतो. तरी चौथ्या पाटीपाशी निम्मी पोरं कडेवर आणि उरलेली रडवेली, असं चित्र दिसतं. कारण वाट आखलेली असते मोठ्यांच्या पायांनी आणि मोठ्यांच्या डोळ्यांनी.

अंतर स्वतःच्या पायांनी मोजणं

तीन-चार वर्षांच्या मुलासाठी फाटकापासून परत फाटकापर्यंत सगळं मिळून एक किलोमीटर भरपूर झालं. पाट्या लावायची वाट त्यातली जाऊन-येऊन तीन-चारशे मीटरचीच ठेवा. दोन पाट्यांत मोठ्यांची चाळीस-पन्नास पावलं. त्याहून जास्त झाली की मागच्या पानावर काय झालं ते मूल विसरतं, आणि फार कमी झाली की ते न थांबता पळतच सुटतं. एका पाटीपाशी उभं राहून पुढच्या पाटीचा कोपरा झाडामागून दिसावा. तो कोपराच मुलाला पुढे ओढतो, आईची हाक नाही.

पाटीचा मध्य जमिनीपासून अडीच-पावणेतीन फुटांवर हवा. मोठ्या माणसाला वाकावं लागलं तर उंची बरोबर आहे असं समजा.

परक्या जंगलाची गोष्ट निवडणं

बर्फ, अस्वल, पाईनची झाडं असलेल्या गोष्टी चित्रांच्या पुस्तकात सुंदर दिसतात. पण भोवती बाभूळ, कडुनिंब, बोर असताना मूल पाटीवरचं झाड शोधायला लागतं आणि त्याला ते सापडत नाही. इथे गोष्टीची निम्मी मजा जाते. या वाटेचा सगळा जोर चित्रातलं समोर सापडण्यावर असतो. म्हणून गोष्टीत मुंगूस, सरडा, टिटवी, वारूळ, घोरपड येऊ द्या. सोलापूरच्या माळावर काळवीट, खोकड आणि लांडगा आजही आहेत, फार कमी शहरांच्या आसपास असं भाग्य असतं. लांडग्याला दर वेळी दुष्ट ठरवणाऱ्या गोष्टी मला म्हणूनच इथे नकोशा वाटतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला सर्वांत कडक संरक्षण दिलं आहे आणि आपण पोरांना त्याचं पोट फाडायला शिकवतो.

माझं मत विचाराल तर लेकीकडे निघालेल्या म्हातारीची आणि भोपळ्याची लोककथा या कामासाठीच जन्मली आहे. जाताना वाटेत एकेक प्राणी अडवतो, येताना तेच प्राणी त्याच वाटेवर पुन्हा भेटतात, आणि कुणी मरत नाही. त्यामुळे गोल वाट शोधायचीही गरज नाही. सहा-सात पाट्या पुरतात: पुढच्या बाजूला काठी टेकत जाणारी म्हातारी, मागच्या बाजूला परतीचा भोपळा. परतताना मुलं आपोआप टुणटुण उड्या मारत येतात, म्हणजे नेमकी जिथे ती दमून कुरकुर करतात तिथेच करमणूक होते.

लोककथा कुणाच्याही मालकीची नाही, पण एखाद्या पुस्तकातली तिची चित्रं मालकीची असतात. भारतात लेखक-चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. तेव्हा पानांची झेरॉक्स मोठी करून सार्वजनिक ठिकाणी लावू नका. अमेरिकेतल्या वाटांवरही विकत घेतलेल्या पुस्तकाची मूळ पानंच लावतात, आणि पान दोन्ही बाजूंनी छापलेलं असल्यामुळे एका वाटेला दोन प्रती लागतात. त्यापेक्षा चित्रं मुलांकडूनच काढून घ्या. स्वतःचं चित्र कुठल्या झाडापाशी आहे हे पाहायला पोर शेवटपर्यंत चालतं.

पाटीवर निबंध लिहिणं

एका पाटीला दोन वाक्यं, फार तर तीन. सोलापुरात एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी घरं असतात. पाटीवर चित्र मोठं आणि मजकूर थोडा असला की आजी तेलुगूत सांगते, शेजारची काकू कन्नडमध्ये, आणि कुणाचं अडत नाही. तिसऱ्या वाक्याच्या जागी एखादी कृती द्या: सरड्यासारखी मान हलवा, वारुळाला हात न लावता भोकं मोजा, भोपळ्यासारखं गोल व्हा. तात्पर्य मात्र लिहू नका.

फ्लेक्स आणि खिळे

फ्लेक्स वाऱ्यात फडफडतो, उन्हात चकाकतो आणि नंतर कचरा होतो. लॅमिनेशनच्या कडेतून दव शिरलं की शाई पसरते. चादरी-टॉवेलच्या या गावात कापडाचे तुकडे सहज मिळतात. जाड पांढऱ्या कापडावर फॅब्रिक रंगाने चित्र काढा, वर आणि खाली बांबूची काडी शिवून टाका म्हणजे वाऱ्याने गुंडाळणार नाही, आणि सुतळीने बांधा. झाडाला खिळा ठोकायचा नाही. वनविहार वन विभागाचं आहे, तेव्हा काहीही बांधण्याआधी तिथल्या अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्या. महापालिकेच्या बागेत उद्यान विभागाची.

बांधण्याआधी मान वर करून बघा. फांदीवर आग्या मोहोळ असेल तर ती जागा सोडून दुसरीकडे चला, धूर आणि आरडाओरडा दोन्ही टाळा.

महिना, वेळ आणि पायातलं

ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हाच खरा मोसम. मार्चपासून ऊन तापायला लागतं आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. पावसाळ्यात काळी माती बुटाला किलोकिलोने चिकटते. हिवाळ्यातही सातला सुरू करून साडेनवाला वाट संपलेली हवी.

पण याच मोसमात गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. आई मुलाला शॉर्ट्स आणि सुती मोजे घालते, आणि मोजे कुसळांनी भरतात. मग मूल चालत नाही, आपण त्याला आळशी म्हणतो. पायघोळ, गुळगुळीत कापडाची पँट बुटावर येईल अशी घाला. पातळ चपलेतून सराटा थेट टाचेत जातो. बाबागाडी तर घरीच ठेवा.

माळढोकच्या गवतात वाट मांडायचा विचार

नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 पासूनचं. हौसेने कुणीतरी तिथेच वाट मांडू म्हणतं. ते नकोच. माळढोक उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो आणि आता त्याचं दर्शनही दुर्मिळ झालं आहे. टिटव्या, चंडोलही जमिनीवरच घरटं करतात. तिथे परवानगीने, ठरलेल्या वाटेने, गप्प राहून बघायला जायचं. टुणटुण उड्या वनविहारात.

वाटेवर अडलं तर

मूल तिसऱ्याच पाटीपाशी मुंग्यांत रमलं तर रमू द्या. गोष्ट थांबते, मुंग्यांची रांग थांबत नाही. मात्र मागच्या कुटुंबाला पुढे जाऊ द्या, आणि सुरुवातीलाच प्रत्येकाला पाच-सात मिनिटांच्या अंतराने सोडा, नाहीतर पहिल्या पाटीवर गर्दी होऊन मागच्यांना फक्त पाठी दिसतात.

वाघाच्या चित्राला घाबरून मूल पुढे येईना, तर त्याला वाघाचा आवाज काढायला सांगा. दुसऱ्याला घाबरवायची संधी मिळाली की भीती बहुतेक वेळा उतरते. तरीही नाहीच आलं तर ती पाटी वळसा घालून टाळा, गोष्टीचं काही बिघडत नाही.

खाऊ मध्येच काढला की मुलं बसतात आणि पुन्हा उठत नाहीत. पाणी प्रत्येक दोन पाट्यांनंतर, राजगिऱ्याचा लाडू आणि केळं शेवटी. शेंगाचटणी-भाकरी मोठ्यांनी घरी जाऊन खावी, वाटेत तहान वाढते.

एखादी पाटी वाऱ्याने उडाली किंवा कुणी काढून नेली, असं होतंच. सगळ्या पानांचा छोटा कागदी संच खिशात ठेवा आणि मोकळ्या झाडापाशी मुलांनाच विचारा, इथे कोण भेटलं असेल? त्यांनी मोर सांगितला तर मोर.

आठ-दहा वर्षांचं भावंड कंटाळलं असेल तर त्याला पाट्या सोडवायचं काम द्या. शेवटचं कुटुंब निघालं की त्याने सुतळ्यांसकट सगळं गोळा करून मोजून आणायचं. झाडावर राहिलेली सुतळी खोडात रुतते आणि पक्ष्यांच्या पायांत अडकते.