चलं वाढवली, पण मॉडेल खरंच सुधारलं का? एफ-चाचणीने असं तपासा

रिग्रेशनमध्ये, म्हणजे काही चलांवरून (बदलत्या राशींवरून) एका राशीचा अंदाज बांधणाऱ्या मॉडेलमध्ये, नवं चल घातलं की आर-वर्ग, म्हणजे त्या राशीतल्या चढउतारांपैकी मॉडेलने उलगडलेला हिस्सा, कधीच कमी होत नाही. चल निरुपयोगी असलं तरी किंचित वाढतोच. म्हणून दोन मॉडेलांची तुलना नुसत्या आर-वर्गावर करू नये.

१. दोन्ही मॉडेलं एकात एक बसतात का ते पाहा. लहान मॉडेलमधलं प्रत्येक चल मोठ्यात हवं आणि दोन्हींत अवलंबी चल (ज्याचा अंदाज बांधायचा ते) तेच हवं. एकात किंमत आणि दुसऱ्यात किमतीचा लॉग असेल, तर ही चाचणी लागू होत नाही.

२. दोन्ही मॉडेलं त्याच नोंदींवर बसवा. इथेच जास्त घोटाळा होतो. नव्या चलात काही नोंदी रिकाम्या असतील, तर सॉफ्टवेअर त्या ओळी गुपचूप वगळतं आणि मोठं मॉडेल कमी नोंदींवर चालतं. आधीच अपूर्ण ओळी काढा, मगच दोन्ही मॉडेलं चालवा.

३. परिकल्पना मांडा. शून्य परिकल्पना अशी: वाढवलेल्या सगळ्या चलांचे गुणांक (मॉडेलमध्ये त्या चलांना गुणणारे आकडे) शून्य आहेत. पर्यायी: निदान एक तरी शून्य नाही.

४. एफ काढा. 'आर' या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरसोबत येणारी एमटीकार्स ही आकडेवारी घेऊ. तिच्यात १९७४ च्या 'मोटर ट्रेंड' मासिकातल्या ३२ गाड्या आहेत. मायलेजसाठी लहान मॉडेलमध्ये फक्त वजन घेतलं, तर त्रुटींच्या (प्रत्यक्ष आणि अंदाजी मायलेजमधल्या फरकांच्या) वर्गांची बेरीज २७८.३२ येते. पाव मैल कापायला लागणारा वेळ आणि गिअरचा प्रकार वाढवला की ती १६९.२९ वर उतरते. घट १०९.०३, दोन चलं वाढवली म्हणून तिला २ ने भागा: ५४.५. मोठ्या मॉडेलमध्ये स्थिरांकासह ४ गुणांक, म्हणून ३२ मधून ४ वजा करून २८ उरतात, १६९.२९ भागिले २८ म्हणजे ६.०५. ५४.५ ला ६.०५ ने भागलं की साधारण ९.०, हाच एफ.

५. निर्णय घ्या. २ आणि २८ स्वातंत्र्यमात्रांसाठी (वर ज्यांनी भागलं तेच दोन आकडे) ५ टक्के पातळीची सीमा ३.३४ आहे. ९.० तिच्या बरंच पुढे आहे, पी-मूल्य (शून्य परिकल्पना खरी असताना एवढा किंवा याहून मोठा एफ येण्याची शक्यता) ०.००१ हूनही कमी. शून्य परिकल्पना नाकारायची. 'आर'मध्ये अनोव्हा फंक्शनला दोन्ही मॉडेलं दिली की हेच उत्तर मिळतं.

एकच चल वाढवलं असेल, तर एफ म्हणजे त्या चलाच्या टी-मूल्याचा (गुणांक भागिले त्याची प्रमाण त्रुटी) वर्गच. चाचणीचं खरं मोल अनेक चलांच्या वेळी कळतं. दोन नवी चलं एकमेकांशी घट्ट जोडलेली असली, तर सुटी-सुटी दोन्ही बिनमहत्त्वाची दिसू शकतात आणि एकत्र मात्र भक्कम ठरतात. टी-मूल्यं बघून दोन्ही एकदम वगळू नका. आधी एफ काढा.