चियांग माई ते मे हाँग सोन : गाडीने फिरण्याचे नियोजन करताना या चुका टाळा

उत्तर थायलंडमधील चियांग माई आणि मे हाँग सोन हे दोन शेजारी प्रांत स्वतः गाडी चालवून पाहण्याची कल्पना आता मराठी पर्यटकांनाही खुणावू लागली आहे. मार्ग सोपा वाटतो. चियांग माईहून 107 क्रमांकाच्या रस्त्याने उत्तरेकडे निघून मे मलाई येथे डावीकडे 1095 धरायचा, पाई आणि सोप्पोंग करत मे हाँग सोन गाठायचे आणि 108 ने खुन युआम, मे सरियांग आणि ‘होत’ नावाचे गाव असा दक्षिणेकडून वळसा घालून परत यायचे. हे वर्तुळ साधारण 600 किलोमीटरचे आहे. त्यात 1,864 वळणे आहेत अशी मे हाँग सोनची ख्याती आहे आणि ती पार केल्याचे प्रमाणपत्रही तिथे मिळते. बहुतेकांचे नियोजन फसते ते याच दोन आकड्यांपैकी पहिलाच लक्षात ठेवल्यामुळे.

किलोमीटर मोजून दिवस ठरवणे

पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाची सवय असलेला माणूस 600 किलोमीटर म्हटले की दीड दिवस धरतो. घाट चालवायची सवय आहे, ताम्हिणी आणि आंबा घाट अनेकदा केले आहेत, असाही एक आत्मविश्वास असतो. तो खोटा नसतो, पण अपुरा असतो. आपल्याकडचा घाट पंधरा-वीस किलोमीटरांत संपतो आणि मग पठार किंवा कोकणची सपाटी लागते. इथे एक डोंगर उतरला की लगेच दुसरा चढायचा असतो. चियांग माई ते पाई हे अंतर जेमतेम 130-135 किलोमीटर असले तरी त्याला न थांबता तीन ते साडेतीन तास लागतात. पाई ते मे हाँग सोन सुमारे 110 किलोमीटर, म्हणजे आणखी अडीच-तीन तास. मे हाँग सोन ते मे सरियांग सुमारे 165 आणि तिथून चियांग माई सुमारे 190 किलोमीटर. यात चहा, फोटो, ट्रकच्या मागे रखडणे आणि मुलाला मळमळते म्हणून थांबणे धरलेले नाही.

म्हणून दिवसाला चार तासांपेक्षा अधिक गाडी चालवायची नाही, हा नियम आधी करावा आणि मुक्काम त्यानुसार ठरवावेत. पूर्ण वर्तुळासाठी चार रात्री हव्यात, पाच असल्यास उत्तम. तीनच रात्री हाताशी असतील, तर माझे स्पष्ट मत असे की मे सरियांग सोडून द्यावे. मे हाँग सोनहून सुमारे 65 किलोमीटरवर खुन युआम आहे. तिथून 1263 ने पूर्वेला मे चेम गाठावे आणि 1192 व 1009 या रस्त्यांनी डोई इंथानॉनच्या उद्यानातून चियांग माईला परतावे. डोई इंथानॉन हे 2,565 मीटर उंचीचे थायलंडचे सर्वोच्च शिखर आहे, त्यामुळे वळसा कमी झाला तरी पाहायला कमी मिळाले असे होत नाही. या रस्त्यावर वस्ती विरळ आहे, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

याच चुकीचे दुसरे रूप म्हणजे मे हाँग सोनला एकच रात्र ठेवणे. पाईला दोन-तीन रात्री देऊन पुढचे गाव केवळ झोपण्यापुरते ठेवणारे लोक या प्रांतातले सर्वांत चांगले तेच चुकवतात. शहरातल्या तळ्याकाठची ‘वाट’ (म्हणजे बौद्ध मंदिर) चोंग खाम आणि वाट चोंग क्लांग ही शान या स्थानिक लोकसमूहाच्या धाटणीची जुळी मंदिरे, टेकडीवरचे डोई कोंग मू मंदिर, सू तोंग पे हा भातखाचरांवरून जाणारा लांब बांबूचा पूल, युन्नानमधून आलेल्या चिनी सैनिकांच्या वंशजांचे बान रक थाई आणि पहाटेच्या धुक्यासाठी प्रसिद्ध असलेला पांग उंग जलाशय, एवढे सारे एका संध्याकाळी होत नाही. पांग उंगचा शेवटचा टप्पा अरुंद आणि उभ्या चढाचा आहे; तिथे अंधारात पहिल्यांदा जाऊ नये.

ऋतूचा विचार न करणे

शाळेच्या सुट्ट्या एप्रिल-मेमध्ये असतात म्हणून मराठी कुटुंबे तेव्हाच निघतात आणि उत्तर थायलंडसाठी त्यातला एप्रिल सर्वांत वाईट काळात मोडतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत शेतातले अवशेष आणि जंगलातला पालापाचोळा जळत असतो, धूर दरीत साचून राहतो आणि मार्च महिन्यात जगातील सर्वाधिक प्रदूषित शहरांच्या यादीत चियांग माईचे नाव अनेकदा वर असते. ज्या डोंगररांगा पाहायला जायचे त्या दिसतच नाहीत. घरात दमा असलेले कोणी असेल तर हा बेत करूच नये. अडचण अशी की शान मुलांच्या दीक्षेचा पोय सांग लोंग हा देखणा उत्सव नेमका मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीस असतो. त्यासाठी जायचेच असेल तर एन-95 मुखपट्ट्या सोबत न्याव्यात, खोलीत हवा शुद्ध करणारे यंत्र आहे का हे विचारून घ्यावे आणि देखाव्यांची अपेक्षा घरीच ठेवावी. 13 ते 15 एप्रिलच्या सोंगक्रान नववर्षाच्या आठवड्यात रस्त्यावरचे अपघात इतके वाढतात की तिथले शासन त्या सात दिवसांना उघडपणे धोक्याचे दिवस म्हणते.

पावसाळा मे ते ऑक्टोबर. भातखाचरे हिरवीगार असतात, खोल्या स्वस्त असतात, पण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दरडी कोसळतात. वाटेत दरड दिसली तर बाजूने चाक काढण्याचा मोह टाळून मागे वळावे आणि शेवटच्या गावात थांबून चौकशी करावी. यासाठीच पावसाळ्यात एक रात्र मोकळी ठेवावी लागते. दिवाळीच्या सुट्टीचा मराठी प्रवासी मात्र या बाबतीत नशीबवान आहे. नोव्हेंबरपासून आकाश स्वच्छ होते आणि खुन युआमजवळच्या डोई मे उ खो टेकड्यांवर पिवळी रानसूर्यफुले फुलतात. हा बहर नोव्हेंबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंतच टिकतो, तेव्हा शनिवार-रविवार टाळून जावे, कारण त्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. नाताळ ते नववर्ष हा थाई लोकांच्याही सहलींचा काळ असल्यामुळे तेव्हाच्या पाईच्या खोल्या बऱ्याच आधी राखून ठेवाव्यात. थंडीसाठी स्वेटर घ्यावा. थायलंड म्हणजे समुद्र आणि उकाडा असे समजून गेलेली मंडळी डोई इंथानॉनवर कुडकुडतात.

उतारावर ब्रेकवर विसंबणे

भाड्याच्या गाड्या बहुतेक ऑटोमॅटिक असतात आणि आपल्यापैकी अनेकांचा हात क्लच-गिअरवर बसलेला असतो. साध्या गाडीत आपण उतारावर न सांगता दुसरा गिअर टाकतो. ऑटोमॅटिक मिळाली की दांडा ‘डी’वर ठेवून सगळा उतार ब्रेक दाबत उतरतो. डोई इंथानॉनच्या माथ्यापासून पायथ्याच्या चोम थोंगपर्यंतच्या उतारावर हीच चूक सर्वांत महागात पडते. गाडी ताब्यात घेतानाच, वाहनतळावर उभे असताना, दांड्यावर ‘एल’, ‘2’, ‘एस’ किंवा ‘बी’ यांपैकी काय आहे ते पाहून घ्यावे आणि भाड्याने देणाऱ्याकडून त्याचा वापर करून दाखवून घ्यावा. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर धरायचा, इंजिनाला गाडी रोखू द्यायची आणि ब्रेक सलग दाबून न ठेवता वळणाआधी दाबून सोडायचा.

तरीही करपल्याचा वास आला किंवा पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागले, तर वाट पाहू नये. दांडा सर्वांत खालच्या गिअरवर आणून वेग कमी करावा, पहिल्याच रुंद जागी थांबावे, चाकापुढे, उताराच्या बाजूला दगड लावावा आणि अर्धा तास तरी गाडी थंड होऊ द्यावी. तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नये. ब्रेकची तापलेली तबकडी त्याने वाकू किंवा तडकू शकते. चालत्या गाडीचे इंजिन कधीही बंद करू नये.

गाडी निवडतानाही हा चढ-उतार डोळ्यांसमोर ठेवावा. स्वस्तात मिळणारी 1.2 लिटर इंजिनाची लहान गाडी दोघांसाठी ठीक आहे. चार मोठी माणसे आणि चार बॅगा घेऊन ती सोप्पोंगच्या चढावर धापा टाकते.

परवान्याचे गणित पाटोंग किंवा पट्टाया या किनारी पर्यटनस्थळांच्या अनुभवावरून मांडणे

थायलंडमध्ये वाहने डाव्या बाजूनेच चालतात, हा आपल्याला मोठा दिलासा. परंतु भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना असायलाच हवा. तो निघण्यापूर्वी आपल्या आरटीओकडून घ्यावा लागतो, अर्ज परिवहन विभागाच्या सारथी संकेतस्थळावर करता येतो आणि मुदत एक वर्षाची असते. भाड्याने देणारा दुकानदार कदाचित तो मागणारही नाही. अपघात झाल्यावर विमा कंपनी मागते, आणि नसेल तर पुढचा सगळा खर्च आपल्या अंगावर येतो.

त्याहून अधिक दुर्लक्षित बाब दुचाकीची आहे. परवान्यावर फक्त मोटारीचा, म्हणजे एलएमव्हीचा शेरा असेल तर स्कूटर चालवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. त्यासाठी दुचाकीचा शेरा भारतीय परवान्यावर आणि दुचाकीचा वर्ग आंतरराष्ट्रीय परवान्यावर असावा लागतो. पाईच्या बाजारात संध्याकाळी चक्कर मारली की कोपरा आणि गुडघ्याला पांढरी पट्टी बांधलेले पर्यटक दिसतात, त्यांतले बरेच असेच हौसेने स्कूटर घेतलेले असतात. ज्याला घाटात दुचाकी चालवायची सवय नाही त्याने ती शिकायला 1095 हा रस्ता निवडू नये.

गाडी घेताना पासपोर्ट तारण म्हणून ठेवू नये. छायाप्रत आणि अनामत रक्कम पुरेशी असते. चारही बाजूंचे, चाकांचे आणि काचेचे चित्रण दुकानदारासमोर करावे. समोरच्या काचेवर रस्ताकराची चौकोनी पट्टी असते, तिच्यावरचे साल पाहून दचकू नये. थाई कागदपत्रांत बौद्ध संवत असतो, त्यातून 543 वजा करावेत. 2569 लिहिले असेल तर ते 2026. मुदत उलटलेली दिसली तर दुसरी गाडी मागावी. कायद्याने सक्तीचा असलेला विमा फक्त माणसांच्या दुखापतीपुरता असतो, गाडीच्या नुकसानीसाठी ‘प्रथम श्रेणी’चा विमा आहे का आणि त्यात स्वतः किती रक्कम भरावी लागेल, हे लेखी घ्यावे.

अपघात झालाच तर जागेवरच समझोता करू नये. विमा कंपनीच्या क्रमांकावर फोन केला की तिचा माणूस घटनास्थळी येतो. पर्यटक पोलिसांचा 1155 हा क्रमांक इंग्रजीत मदत करतो, रुग्णवाहिकेचा 1669.

उशिरा निघणे आणि नकाशावर डोळे झाकून विश्वास ठेवणे

हिवाळ्यात सहाच्या आतच सूर्य मावळतो आणि दरीत त्याआधीच अंधारते. रस्त्यावर दिवे नाहीत, कुत्री आणि गुरे आहेत. दुसरीकडे सकाळी फार लवकर निघूनही भागत नाही, कारण पाईपुढच्या किव लोमच्या खिंडीत सकाळी दाट धुके असते. साडेआठ-नऊला निघून चारपूर्वी मुक्कामी पोहोचणे हाच मध्यम मार्ग.

मोबाईलचे नेटवर्क वस्तीबाहेर जाते, म्हणून दोन्ही प्रांतांचे नकाशे आधीच उतरवून ठेवावेत. नकाशाने वेळ वाचवणारा अनोळखी कच्चा रस्ता सुचवला तर तो नाकारून 1095, 108 आणि 1263 यांवरच राहावे. इंधन अर्ध्यावर आले की भरावे, कारण मोठे पंप मोठ्या गावांतच आहेत. ‘तेम थांग’ म्हटले की कर्मचारी टाकी पूर्ण भरतो; गॅसोहोल 91, 95 की डिझेल, हे झाकणाच्या आतल्या चिठ्ठीवर पाहून सांगावे. रोख बाट चियांग माईतच काढून ठेवावेत. परदेशी कार्डावर एटीएम प्रत्येक वेळी दोनशेहून अधिक बाट शुल्क कापते, तेव्हा थोडे-थोडे काढत बसू नये.

शाकाहाराविषयी ‘नो मीट’ एवढेच सांगणे

‘नो मीट’ म्हटल्यावर मांस वगळले जाते, पण माशाचा सॉस आणि कोळंबीची पेस्ट राहते. पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल थाई अक्षराची पाटी असलेल्या ‘जे’ खानावळींत मांस, मासे, अंडी आणि दूध तर नसतेच, कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन आणि माळकरी कुटुंबांना त्यांचा मोठा आधार होतो. मे हाँग सोनला सकाळच्या बाजारात शान लोकांचे गरम तोफू मिळते. डाळीच्या पिठाचे ते पिवळे, घट्ट आणि वाफाळते मिश्रण थेट आपल्या पिठल्याची आठवण करून देते. वरून मांस घालू नका, एवढे आधी सांगावे लागते. संध्याकाळी खानावळी लवकर आवरतात, म्हणून उशीर होणार असेल तर चियांग माईतूनच दशम्या-चिवड्याचा साठा गाडीत असावा. गाडी लागत असेल त्याने भरल्या पोटी 1095 वर बसू नये. उलटीवरची गोळी निघण्याच्या अर्धा तास आधी घ्यावी, मात्र झोप आणणारी गोळी चालकाने घेऊ नये.

कागदपत्रांपैकी एकच गोष्ट हमखास राहते. 1 मे 2025 पासून थायलंडमध्ये प्रवेशासाठी डिजिटल आगमन पत्र भरणे सक्तीचे आहे. ते आगमनाच्या आधीच्या तीन दिवसांत अधिकृत संकेतस्थळावर मोफत भरता येते. पैसे मागणारी संकेतस्थळे टाळावीत. व्हिसाचे नियम बदलत असतात, ते तिकीट काढण्यापूर्वी दूतावासाच्या पानावर पाहावेत.

शेवटच्या मुक्कामाहून ज्या दिवशी निघायचे त्याच संध्याकाळी परतीचे विमान ठेवू नये. मे सरियांग किंवा मे चेमहून निघालेली गाडी वेळेत पोहोचेलच असे नाही, शहराच्या वेशीवर वाहनांची गर्दी असते, टाकी भरून द्यावी लागते आणि गाडी परत घेणारा माणूस प्रत्येक ओरखडा आधीच्या चित्रणाशी ताडून पाहतो. त्या रात्री चियांग माईतच राहावे आणि सकाळचे विमान पकडावे.