सार्वजनिक आरोग्याची पदवी ऑनलाइन करताय? या चुका टाळा

रविवारी सकाळी धायरीत आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती चार-पाच जण लॅपटॉप उघडून बसलेले असतात. एक मुलगा मेडिकलच्या दुकानात कामाला आहे, एक हिंजवडीत रात्रपाळी करतो, एक ताई दोन लेकरं सांभाळून शिकतात. सगळ्यांची सार्वजनिक आरोग्यातली पदवी ऑनलाइन चाललेली. आरोग्याची आकडेवारी हाताळणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे अडलं की गाडी माझ्याकडे येते. आणि अडतात तेही ठरलेल्या जागी. बऱ्याचदा कारण एकच, हा विषय लॅपटॉपच्या आत आहे असं त्यांनी धरलेलं असतं.

पहिली चूक मात्र प्रवेशाआधीच होते. जाहिरातीत ‘मान्यताप्राप्त’ दिसलं की फी भरून मोकळे. विद्यापीठाला मान्यता असणं वेगळं आणि तोच अभ्यासक्रम ऑनलाइन चालवायची परवानगी असणं वेगळं. ही परवानगी यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, दूरस्थ शिक्षण विभाग (डेब) देतो. त्याच्या संकेतस्थळावरच्या यादीत विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि सत्र या तिन्ही गोष्टी जुळतात का, ते बघा. आरोग्याच्या बाबतीत तर जास्तच डोळ्यांत तेल घालून बघा. आरोग्यसेवा आणि संलग्न व्यवसायांच्या २०२१ च्या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून ऑनलाइन आणि दूरस्थ पद्धतीने घेऊ नका, असं यूजीसीने विद्यापीठांना कळवलं. त्यात मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, आहारशास्त्र अशी नावं आहेत. तुमच्या पदवीचं आणि स्पेशलायझेशनचं नेमकं नाव त्या कक्षेत येतं का, हे विद्यापीठाला ईमेलने विचारा. उत्तर लेखी घ्या, फोनवर गोड बोलणाऱ्या काउन्सेलरचा शब्द पुढे कामाला येत नाही. भारतातल्या ऑनलाइन पदवीसाठी आता आधी एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या क्रेडिटचं सरकारी ऑनलाइन खातं) आणि त्यावरून डेब आयडी काढावा लागतो. कुणी ‘त्याची गरज नाही हो’ म्हणालं तर तिथेच थांबा. परदेशी विद्यापीठाची पदवी घेणार असाल तर ती इथे समकक्ष धरली जाईल का, याची चौकशी पहिला हप्ता भरायच्या आधी करा.

दुसरं, ही पदवी घेऊन कुणी डॉक्टर होत नाही. औषध लिहून देता येत नाही, दवाखाना टाकता येत नाही. वाक्य साधं आहे, पण दरवर्षी एखाद्या तरी पालकाला ते समजावून सांगावं लागतं.

वेळेचा हिशोब तर जवळपास सगळ्यांचाच चुकतो. ‘ऑनलाइन आहे, होईल नोकरी सांभाळून.’ होईल, पण आकडेमोड करून बघा. इग्नूच्या हिशोबात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट, म्हणजे सत्राला २०, म्हणजे ६०० तास. सहा महिन्यांत २६ आठवडे धरले तर आठवड्याला २३ तास पडतात. रोज रात्री अर्धा तास दीडपट वेगाने व्हिडिओ पळवून हे भरत नाही.

आता आकडेशास्त्र. ‘सर, मी बारावीला गणित सोडलं होतं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर फक्त चहा ठेवतो. सूत्रं पाठ करणं हीच इथली चूक आहे. चाचणीची संवेदनशीलता, विशिष्टता या व्याख्या घडाघडा म्हणून दाखवतात आणि उदाहरण दिलं की गप्प. तेव्हा मी सूत्र बाजूला ठेवून माणसं मोजायला लावतो. समजा, एका वस्तीत १,००० माणसं आहेत आणि त्यातल्या १० जणांना खरोखर आजार आहे. चाचणी आजारी माणसांपैकी ९० टक्के पकडते (ही संवेदनशीलता) आणि निरोगी माणसांपैकी ९० टक्क्यांना बरोबर ‘निगेटिव्ह’ म्हणते (ही विशिष्टता). वहीत चार चौकोन काढा. १० आजाऱ्यांपैकी ९ सापडले. उरलेल्या ९९० निरोगी लोकांपैकी १० टक्के, म्हणजे ९९ जण उगाचच ‘पॉझिटिव्ह’ निघाले. एकूण पॉझिटिव्ह १०८ आणि त्यात खरे आजारी फक्त ९. शंभरात जेमतेम आठ! मेडिकलवाला मुलगा हे बघून म्हणाला, “मग ९० टक्के अचूक म्हणून विकतात ते काय?” त्या दिवशी त्याला विषय कळला. घरी हीच वही काढून आजाऱ्यांचा आकडा १० ऐवजी ३०० करून बघा, उत्तर कुठल्या कुठे जातं.

एपिडेमिऑलॉजी, म्हणजे लोकांमध्ये आजार कुणाला, किती आणि का होतात याचा अभ्यास. साथरोगशास्त्र या तिच्या मराठी नावानेही थोडा घोळ होतो, हे जाता जाता सांगतो. मधुमेह, रस्त्यावरचे अपघात, आत्महत्या हे सगळं त्यात येतं. फक्त साथीच वाचल्या तर निम्मा पेपर कोरा जाईल.

प्रकल्पाच्या बाबतीत मात्र मी थोडा चिडतो. पुण्यात बसून मुलं १८५४ च्या लंडनमधल्या कॉलऱ्यावर, त्या साथीचं मूळ पाण्याच्या पंपात शोधणाऱ्या डॉ. जॉन स्नोवर, निबंध उतरवून काढतात. स्नो शिकायलाच हवा, पण सगळ्यांच्या असाइनमेंटमध्ये तोच, तेच वाक्य, तोच नकाशा? नक्कल तपासणारं सॉफ्टवेअर ते लगेच पकडतं. इथे १८९७ चा प्लेग घडला. प्लेग अधिकारी रँडच्या घरझडत्यांमुळे लोक आजारी माणूस लपवायला लागले. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना १० मार्चला सावित्रीबाई गेल्या. आरोग्यखात्यावरचा लोकांचा विश्वास उडाला की साथ कशी वाढते, यावर लिहायला याहून जवळचं उदाहरण कुठे मिळेल?

आणि अगदी घराजवळचंही आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे (गिलेन-बॅरे सिंड्रोम, नसांवर परिणाम करून हातपाय लुळे पाडणारा आजार) रुग्ण सापडायला लागले आणि संख्या दोनशेच्या पुढे गेली. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस हे पोट बिघडवणारे जंतू मिळाले, संशय पाण्यावर गेला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या आठवड्यात चिकन, पनीर, पाण्याचा जार असे सगळे आरोपी होऊन गेले. आमच्या टेबलावरच्या एका मुलाने उत्साहाने प्रश्नावली केली, ‘आजारी पडण्याआधी तुम्ही टँकरचं पाणी प्यायलात का?’ आणि ती फक्त आजारी कुटुंबांना विचारायची असं ठरवलं. समजा, दहापैकी नऊ घरं ‘हो’ म्हणाली, पण त्याच गल्लीतल्या ठणठणीत घरांपैकीही नऊ ‘हो’ म्हणत असतील तर? टँकरचं पाणी तिथे सगळेच पीत असतील तर त्या ‘हो’ला काही अर्थ राहत नाही. ज्यांना आजार झाला नाही त्यांना विचारायचं राहून जाणं, ही विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातली मला सर्वांत जास्त दिसणारी चूक. दुसरी म्हणजे परवानगी. आपल्याच गल्लीत विचारायचं असलं तरी आधी मार्गदर्शकाची आणि विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी, मग समोरच्याची संमती, आणि वहीत नावाऐवजी क्रमांक. हे जमणार नसेल तर एनएफएचएस-५ ची, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची, २०१९-२१ ची आकडेवारी मोफत मिळते. जिल्ह्याचं पत्रक उघडा, पुणे आणि नंदुरबार शेजारी ठेवा, प्रश्न आपोआप पडतील.

परीक्षा घरून, कॅमेऱ्यासमोर देणार असाल तर स्लॉट निवडताना वार बघा. गुरुवार शक्यतो नकोच. महावितरणची दुरुस्ती आणि पाणी बंद, दोन्ही बहुतेक त्याच दिवशी. ताईंनी गुरुवारच घेतला. लाइट गेली नाही, मोबाइलचं हॉटस्पॉट तयार होतं, सगळं नीट चाललं होतं. चाळिसाव्या मिनिटाला सासूबाई दारात आल्या, “अगं, पाणी भरून ठेवलंस का?” ताई सवयीने वळून “हो आई” म्हणाल्या, आणि स्क्रीनवर इशारा झळकला, खोलीत दुसरी व्यक्ती, बोलण्याचा आवाज. असं झालं तर घाबरून स्क्रीनवरची परीक्षेची विंडो बंद करू नका. पेपर पूर्ण करा, वेळ टिपून ठेवा, स्क्रीनशॉट घ्यायचा तो पेपर संपल्यावर आणि तासाभरात मदतकक्षाकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. ताईंनी तसं केलं. दहा दिवस जिवाला घोर लागला, पण पेपर ग्राह्य धरला. पुढच्या पेपरला त्यांनी दाराला बाहेरून कागद चिकटवला होता, ‘परीक्षा चालू आहे. पाणी भरलंय.’