एका पारड्यात केळी, दुसऱ्यात अख्खी वसई

माझे वडील रावेरला केळी विकायचे. वजनकाट्यापाशी उभा राहून मी मोजमाप शिकलो. आता भुसावळला स्पर्धा परीक्षांच्या पोरांना इंग्रजीतली तुलना शिकवताना तोच काटा कामी येतो.

पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहितो: 'द बनानाज ऑफ रावेर आर स्वीटर दॅन वसई.' निम्मा वर्ग म्हणतो, 'बरोबर आहे ना, सर.' मराठीत खपतंच, रावेरची केळी वसईपेक्षा गोड! पण काट्यावर बघा: एका पारड्यात केळी, दुसऱ्यात अख्खी वसई, किल्ल्यासकट. केळ्यांसमोर केळीच हवीत, म्हणून 'दॅन दोज ऑफ वसई'. नाम एकवचनी असेल तर 'दॅट ऑफ': 'द हीट ऑफ भुसावळ इज वर्स दॅन दॅट ऑफ नाशिक.' पर्यायांत 'दॅट' आणि 'दोज' शेजारी शेजारी ठेवलेले असतात. आधी मागचं नाम तपासा, मग खूण करा.

दुसरा सापळा 'अदर'चा. 'भुसावळ इज हॉटर दॅन एनी टाउन इन खान्देश.' भुसावळ खान्देशातच आहे, मग ते स्वतःपेक्षाही तापलं का? (मे महिन्यात तसं वाटतं, ते वेगळं.) 'एनी अदर टाउन' लिहा. मात्र पुढे 'इन कोकण' असेल तर 'अदर' घालायचा नाही, भुसावळ त्या गटात नाहीच. नियम घोकलेली हुशार पोरं नेमकी इथे आपटतात.

मी स्वतः आपटलो ते 'सीनियर'वर. बँकेच्या परीक्षेत 'ही इज सीनियर दॅन मी' बिनचूक ठरवून पुढे गेलो. डोक्यात 'माझ्यापेक्षा सीनियर' बसलेलं, मग 'दॅन' आपसूक येतं. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे लॅटिनमधून आलेले शब्द. त्यांना 'टू' लागतो. 'प्रिफर'लाही: 'आय प्रिफर भाकरी टू पोळी.' 'मोअर प्रिफरेबल' दिसलं की 'मोअर' खोडा. 'मोअर बेटर'चं तर बोलायलाच नको.

'फ्युअर' आणि 'लेस' भरिताच्या पातेल्याजवळ कळतात. वांगी मोजतो, म्हणून 'फ्युअर ब्रिंजल्स'. तेल ओततो, म्हणून 'लेस ऑइल'. कमी तेलाचं भरीत आमच्या घरी कुणी खात नाही, पण वाक्य म्हणून चालतं.

सराव करताना 'दॅन' दिसला की दोन्ही बाजूंच्या नामांखाली पेन्सिलने रेघ मारा. परीक्षा संगणकावर असेल तर पडद्यावर रेघ मारता येणार नाही, तेव्हा डोळ्यांना सवय आत्ताच लावा.