कानातली शिट्टी आणि आवळलेला जबडा : या चुका टाळा

कानात सतत शिट्टी किंवा गुणगुण ऐकू येणाऱ्या बऱ्याच जणांचा हा कानातला आवाज दात आवळले की वाढतो, जबडा पुढे काढला की त्याचा सूर बदलतो किंवा मान वळवली की तो थोडा उतरतो. जबड्याच्या आणि मानेच्या वरच्या भागातल्या संवेदना आणणाऱ्या नसांचे काही धागे ऐकण्याच्या मार्गावरच्या मेंदूतल्या पहिल्याच केंद्राला जाऊन मिळतात, म्हणून असं होतं. या स्नायूंचा ताण उतरला की अशांपैकी काहींना बरं वाटतं. पण तो उतरवायच्या नादात लोक ठराविक चुका करत राहतात.

पहिली चूक म्हणजे तपासणीआधीच मसाज सुरू करणं. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, एकाच कानात असेल, सोबत चक्कर असेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ. एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं असेल तर त्याच दिवशी जा. तिथे दिवसांचा उशीरही महागात पडतो. कानात मळ असला तरी आवाज येतो आणि त्याला जबड्याचा कुठलाही व्यायाम उपयोगाचा नाही.

आता सर्वांत जास्त दिसणारी चूक : जोर. हा प्रकार नेहमी एकाच क्रमाने घडतो. गालाच्या मागच्या भागात, दात आवळल्यावर टम्म फुगतो तो चावण्याचा स्नायू (मॅसेटर) सापडतो. माणूस मुठीची हाडं त्यावर रोवून रगडतो. आवाज क्षणभर उतरतो, म्हणून तो आणखी रगडतो, संध्याकाळी पुन्हा, झोपताना पुन्हा. दोन-तीन दिवसांत गाल ठणकायला लागतो, घास चावताना कळ येते, तोंड पूर्ण उघडत नाही आणि कानातला आवाज आधीपेक्षा चढतो. मग निष्कर्ष निघतो की मसाजचा आपल्याला त्रासच होतो. खरं तर दुखावलेला स्नायू स्वतःला वाचवायला आणखी आखडून धरतो आणि चक्र सुरू राहतं.

दाब किती द्यायचा? सहन होण्याच्या टोकाला दहा मानलं तर तीन-चारच्या पुढे नाही. दोन बोटांची पेरं गालावर ठेवा, दात सुटे ठेवा, दुखरा ठिपका सापडला की तिथेच हलका दाब देऊन थांबा आणि श्वास सावकाश सोडा. एका जागी तीस सेकंद, एका बाजूला फार तर दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. मग कानशिलावरचा पंख्यासारखा पसरलेला स्नायू तसाच. आधी दहा मिनिटं कोमट ओला शेक दिला तर निम्मं काम तिथेच होतं. दुसऱ्या दिवशी गाल दुखला तर दाब जास्त झाला. एक दिवस सोडा आणि पुढे निम्म्याने करा.

दुसरी मोठी चूक डोळ्यांना दिसत नाही. सकाळी पाच मिनिटं मसाज आणि उरलेला दिवसभर दातावर दात. स्क्रीनकडे बघताना, गाडी चालवताना, काही उचलताना लोक दात मिटून बसतात आणि विचारलं तर नाही म्हणतात. विश्रांतीत दात एकमेकांना टेकायलाच नकोत. ओठ मिटलेले, वरच्या-खालच्या दातांत दोन-तीन मिलिमीटर फट, जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूला हलकं टेकलेलं : ही जबड्याची आरामाची जागा. फोनवर दर अर्ध्या तासाने गजर लावा. वाजला की पाहा, दात कुठे आहेत? टेकलेले असतील तर श्वास सोडत सुटे करा. एवढंच. कंटाळवाणं आहे, त्यामुळे घाईच्या लोकांना ते इलाज वाटतच नाही. माझ्या मते मसाज एक वेळ सोडलात तरी चालेल, हा गजर सोडू नका.

मानेबाबत थोडक्यात. मान गरागरा फिरवू नका, कडकड वाजवू नका. हनुवटी मागे घेण्याच्या व्यायामात बहुतेक जण मान खाली घालतात; नजर समोर ठेवून चेहरा सरळ मागे सरकवा, पाच सेकंद धरा, आठ-दहा वेळा. कानामागून गळ्याखालच्या आडव्या हाडाकडे (कॉलरबोन) तिरका उतरणारा स्नायू आत दाबायचा नाही, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत बाहेर धरून हलकेच चेपायचा. बोटाखाली नाडी लागली तर लगेच सोडा आणि दोन्ही बाजू एकाच वेळी कधीच धरू नका. तिथल्या मोठ्या रक्तवाहिनीवर दाब पडला तर नाडी मंदावून घेरी येऊ शकते.

‘जबड्याचा व्यायाम’ म्हणून च्युइंगगम चघळू नका. तोंड उघडण्याच्या व्यायामात जीभ टाळूला लावून ठेवा, म्हणजे प्रमाणाबाहेर उघडणार नाही. पालथं झोपणं सोडा, त्यात रात्रभर मान एका बाजूला पिळलेली राहते. झोपेत दात खात असाल तर रात्री दातांवर घालायचा तयार साचा (नाइट गार्ड) घेऊन घरीच बसवू नका, दातांच्या डॉक्टरांकडून मापाचा करून घ्या.

आणि दर तासाला दात आवळून ‘आवाज बदलतो का’ हे बघणं थांबवा. आवाज बदलला म्हणजे कारण जबड्यातच आहे असंही सिद्ध होत नाही आणि प्रत्येक चाचणीत तोच स्नायू पुन्हा आवळला जातो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, शांत खोलीत आवाजाला दहापैकी आकडा द्या आणि लिहून ठेवा. सहा आठवडे नेमाने करूनही आकडा हलला नाही, तर जबडा आणि मान दोन्ही तपासणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे ती वही घेऊन जा.