कॉलेजच्या जुन्या ग्रुप फोटोला नावं आणि साल कसं लावायचं

साताऱ्या-सांगलीकडच्या जुन्या कॉलेजात स्टाफरूमच्या भिंतीवर नाहीतर ग्रंथालयाच्या माळ्यावर ग्रुप फोटोंच्या फ्रेमा हमखास सापडतात. सांगलीचं विलिंग्डन कॉलेज १९१९ चं. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ चं, आणि सांगलीचं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजही त्याच वर्षीचं. फोटोचा कागद बरी निगा राखली तर शंभर वर्षं तग धरतो. त्यातले चेहरे ओळखणारी माणसं मात्र झपाट्यानं कमी होत चालली आहेत. १९६० च्या फोटोत पंचविशीत दिसणारे अधिव्याख्याते आज नव्वदीत आहेत. म्हणून आधी नावं मिळवा. उत्तम स्कॅन पुढच्या वर्षी झाला तरी चालेल.

आधी फोटोची मागची बाजू बघा

फ्रेम भिंतीवरून काढली की ती जिथं होती तिथला एक फोटो मोबाइलवर घ्या. शेजारी कोणती फ्रेम होती यावरूनही पुढे साल लागतं. मग टेबलावर जाड घोंगडी पसरून फ्रेम पालथी ठेवा. मागच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, छोट्या पकडीनं एकेक सरळ वर ओढा. स्क्रूड्रायव्हरनं उचकटलं की जुना पुठ्ठा कोपऱ्यात मोडतो. माउंटच्या, म्हणजे फोटो ज्यावर चिकटवलेला असतो त्या पुठ्ठ्याच्या, पाठीवर स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलनं टाकलेला ऑर्डरचा नंबर, कधी शाईतलं एखादं नाव असतं. समोरच्या इतकीच नीट नोंद पाठीचीही करा.

काच काढण्याआधी फोटो उजेडात तिरपा धरून बघा. जिथं ओलसर, गडद, चकचकीत डाग दिसतो तिथं फोटो काचेला चिकटलेला असतो. पावसाळ्याच्या दमटपणात फोटोवरचा जिलेटिनचा थर फुगतो आणि काचेला धरतो. तो ओढायचा नाही. हेअर ड्रायर, इस्त्री, पाण्याचा हात, काहीही नको, चेहराच काचेवर निघून येतो. अशा फोटोची काचेसकट प्रत घ्या: कॅमेरा स्टँडवर फोटोला अगदी समांतर, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर एकसारखे दिवे, आणि कॅमेऱ्यासमोर भोक पाडलेलं काळं कापड, म्हणजे काचेत कॅमेऱ्याचं प्रतिबिंब पडत नाही.

प्रत्येक फोटोला एक दाखल क्रमांक द्या आणि तो मागे कोपऱ्यात मऊ २बी पेन्सिलनं, न दाबता लिहा. बॉलपेननं लिहिलं तर ओळ समोरच्या बाजूला उमटते आणि स्केचपेनची शाई झिरपते.

नावांची ओळ आणि तिचे सापळे

माउंटवर फोटोखाली ‘बसलेले’, ‘उभे, पहिली रांग’ अशी नावं छापलेली असली की काम झालं असं वाटतं. तसं नसतं. प्रत्येक रांगेतली डोकी मोजा, मग नावं मोजा. डोकी चौदा आणि नावं तेरा निघाली, तर एक नाव गळलंय आणि तिथपासून पुढचं प्रत्येक नाव शेजाऱ्याला लागलंय. गळती कुठं आहे हे शोधायला रांग डावीकडूनही लावा आणि उजवीकडूनही. दोन्हीकडून पक्के ओळखू येणारे चेहरे धरत मध्ये आलात की फट सापडते. गैरहजर प्राध्यापकाचा फोटो वरच्या कोपऱ्यात लंबगोलात चिकटवलेला असेल तर त्याचं नाव बहुधा ओळीच्या शेवटी असतं. ते रांगेत मोजू नका.

खाली नावं नसतील तर आराखडा करा. फोटोच्या मोठ्या प्रिंटवर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक डोक्याची बाह्यरेषा काढा आणि आत आकडा घाला: पुढच्या रांगेपासून मागे, बघणाऱ्याच्या डावीकडून उजवीकडे. हा आराखडा आणि ए३ आकाराची प्रिंट घेऊन निवृत्त सरांकडे, बाईंकडे जा. लहान प्रिंट नेली तर म्हाताऱ्या डोळ्यांना काही दिसत नाही, आणि मान राखायला म्हणून काहीतरी नाव सांगितलं जातं.

‘हे अमुक सर ना?’ असं विचारू नका. त्यावर ‘हो, तेच असावेत’ असंच उत्तर येतं. ‘सात नंबरचे कोण, सर?’ एवढंच विचारा आणि थांबा. दोन माणसांना एकत्र बसवू नका, कारण पहिला बोलला की दुसरा तेच धरून चालतो. दोघांनी वेगवेगळं बसून एकच नाव सांगितलं तर पुढे ‘खात्री’ लिहा, एकानंच सांगितलं तर ‘बहुधा’. कोणी सांगितलं आणि कोणत्या तारखेला, तेही लिहा. बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करायचं तर आधी विचारा.

सगळ्यात मागे टोकाला उभे असलेले शिपाई, प्रयोगशाळेतले मदतनीस, माळी यांची नावं कित्येकदा छापलेलीच नसतात. ती कॉलेजच्या जुन्या पगारपत्रकांत आणि हजेरीपटांत मिळतात. ही मेहनत घ्याच. शिवाजी कॉलेजची घडणच ‘कमवा आणि शिका’वर झाली. तिथल्या फोटोत हातात फावडं घेतलेल्या मुलाचं नाव प्राचार्यांच्या नावाइतकंच मोलाचं आहे.

साल कसं लावायचं

सगळ्यात भरवशाचा पुरावा म्हणजे कॉलेजचा वार्षिक अंक. तोच फोटो अंकात छापलेला सापडला तर साल आणि नावं दोन्ही मिळतात. माउंटवर ‘१९५८-५९’ असेल तर फोटो बहुधा १९५९ च्या जानेवारी ते मार्चमधला असतो, कारण ग्रुप फोटो स्नेहसंमेलनाच्या नाहीतर निरोप समारंभाच्या सुमारास काढतात.

काहीच लिहिलेलं नसेल तर शिक्के आणि खुणा वाचा. फोटोतल्या पाटीवर किंवा शिक्क्यात ‘उत्तर सातारा’ किंवा ‘दक्षिण सातारा’ असेल तर तो १९४९ ते १९६० मधला, कारण १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचा सांगली जिल्हा झाला. विद्यापीठाचं नावही बोलतं: आधी मुंबई, १९४९ पासून पुणे, आणि १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ निघाल्यावर शिवाजी. पाटीवर ‘न्यू इंजिनिअरिंग कॉलेज’ दिसलं तर ते वालचंदचं १९५५ पूर्वीचं नाव. एनसीसी १९४८ ची, एनएसएस १९६९ ची, तेव्हा गणवेश किंवा बिल्ला दिसला की खालची मर्यादा ठरते. स्टुडिओच्या शिक्क्यात पिनकोड असेल तर प्रिंट १५ ऑगस्ट १९७२ नंतरची.

इथं एक फसगत ठरलेली. शिक्का प्रिंटचं साल सांगतो, फोटो काढल्याचं नाही. सुवर्णमहोत्सवासाठी जुन्या नेगेटिव्हवरून नवी प्रिंट काढलेली असू शकते. कागद प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत आणि मागूनही चकचकीत असेल तर तो रेझिन कोटेड, म्हणजे साधारण सत्तरच्या दशकापासूनचा. त्यावर १९३५ चे चेहरे असले तर ती पुनर्मुद्रित प्रत समजा आणि मूळ कुठंय ते शोधा.

स्कॅन

फोटो कृष्णधवल असला तरी २४ बिट रंगीत स्कॅन करा, कारण शाई, डाग आणि पिवळेपणा वेगळे दिसायला हवेत. ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), टिफ फाइल (हिच्यात चित्राचा दर्जा घटत नाही). १२ बाय १० इंचांच्या ग्रुपमध्ये चेहरा जेमतेम अर्धा इंच असतो. ६०० ला त्यात ३०० पिक्सेल येतात, ३०० ला दीडशेच, आणि चष्मा कुठला नि डोळे कुठले हे कळेनासं होतं. अशी एक फाइल सुमारे १३० एमबीची, म्हणजे शंभर फोटोंना १३ जीबी जागा. ए४ स्कॅनरवर एवढी प्रिंट मावत नाही. ती दोन भागांत घ्या आणि दोन्हींत एक चतुर्थांश भाग समान ठेवा. स्कॅनरमधलं शार्पनिंग आणि धूळ काढण्याचं आपोआप चालणारं काम बंद ठेवा, ते चेहऱ्यावरचे तीळही पुसतं. आधी ब्लोअरनं धूळ उडवा. तोंडानं फुंकर मारली की थुंकीचे ठिपके पडतात.

चेहरे ‘स्पष्ट’ करणारी एआय ॲप ओळख पटवण्यासाठी वापरू नका. ती नसलेले डोळे, नसलेलं नाक रचतात आणि मग घरची माणसंही ‘हे आमचे आजोबा नव्हेत’ म्हणतात. फोटो दाखवायला व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर आकार घटून सगळे चेहरे सारखे दिसू लागतात.

ठेवायचं कुठं

भिंतीवर प्रत लावा, मूळ फोटो आम्लरहित कागदाच्या पाकिटात घालून स्टीलच्या कपाटात ठेवा. पीव्हीसीचे अल्बम नकोत, ते फोटोला चिकटतात. डांबरगोळ्याही नकोत. साताऱ्यात पावसाळ्यात बाहेरच्या भिंतींना ओल येते, म्हणून फ्रेमेमागे चार कोपऱ्यांत सेंटिमीटरभर जाडीचे बुचाचे तुकडे लावा म्हणजे हवा खेळते. नेगेटिव्हच्या डब्याला व्हिनेगरचा वास आला तर तो डबा लगेच वेगळा करा, शेजारच्या फिल्मही बिघडतात.

सांगलीत सगळ्यात मोठा धोका कृष्णेचा. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. गावभागात कुणाच्या घरी अल्बम असतील तर ४० ची बातमी कानावर आली की लगेच वरच्या मजल्यावर हलवा. भिजलेच, तर ४८ तासांच्या आत हात घाला, नंतर बुरशी धरते. आधी पाठीवरच्या लिखाणाचा मोबाइलवर फोटो घ्या, कारण शाई धुऊन जाईल. मग ताटात स्वच्छ गार पाणी घेऊन फोटो त्यात हळूच हलवा, चित्राला बोट लावू नका. टिपकागदावर चित्राची बाजू वर करून सावलीत सुकवा, उन्हात कागद वळतो. एकमेकांना चिकटलेले गठ्ठे सोलू नका. पाण्यात काही तास ठेवले की बरेचसे आपोआप सुटतात. वेळ नसेल तर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा आणि सवडीनं काढा. काचेच्या नेगेटिव्ह मात्र तिथं ठेवू नका.

स्कॅनच्या तीन प्रती करा आणि त्यातली एक दुसऱ्या गावात ठेवा. प्रत्येक फाइलला दाखल क्रमांकाचंच नाव द्या, आणि नावं, साल, कोणी सांगितलं ही माहिती त्याच क्रमांकाच्या साध्या मजकूर फाइलमध्ये शेजारीच ठेवा. ज्यांच्या घरून फोटो आला त्यांना मूळ फोटो परत करताना आराखडा आणि नावांची यादी छापून द्या. यादीत एखादी चूक राहिली असेल तर ती तिथंच सापडते.