विशेष भत्ता बदलण्याआधी: मुंबईतल्या मालकांनी पगाराची तयारी कशी करावी

महाराष्ट्रात किमान वेतनाचे दोन भाग असतात, मूळ वेतन आणि विशेष भत्ता. मूळ वेतनाचा फेरविचार पाच वर्षांच्या आत व्हावा असं कायदा सांगतो. विशेष भत्ता मात्र ग्राहक किंमत निर्देशांकावरून वर्षातून दोनदा ठरतो, 1 जानेवारीला आणि 1 जुलैला. त्याचा आदेश बऱ्याचदा तारीख उलटून गेल्यावर हातात येतो. तोवर त्या महिन्याचा पगार वाटून झालेला असतो, पण वाढ द्यायची असते ती 1 तारखेपासूनच.

म्हणजे तारखा आधीच ठाऊक असतात, कळायचा राहतो तो फक्त आकडा. म्हणून बाकीचं सगळं डिसेंबरात आणि जूनमध्ये उरकून ठेवावं. मूळ वेतन बदलायचं असेल तर सरकार आधी मसुदा राजपत्रात छापतं आणि हरकतींसाठी किमान दोन महिने देतं. मसुद्यातले आकडे अंतिम नसतात, पण अंदाजपत्रकासाठी तेवढे पुरतात.

आधी माणसं तपासा, आकडे नंतर

अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला एखादा गाळा घ्या. खाली लेथ आणि प्रेस चालतात, पोटमाळ्यावर बिलिंगचं टेबल आहे, माल भिवंडीच्या गोदामात जातो. मालक एक असला तरी उद्योग वेगळे, दरही वेगळे. मशीनवरच्या माणसाला अभियांत्रिकी उद्योगाचा दर लागू शकतो आणि स्वतंत्र कार्यालयातल्या माणसाला दुकानं व व्यापारी आस्थापनांचा. शिवाय परिमंडळ, म्हणजे किमान वेतनाच्या दरांसाठी ठरवलेला भौगोलिक विभाग, कंपनीच्या पत्त्यावरून ठरत नाही, माणूस जिथे काम करतो त्या जागेवरून ठरतं. मुंबई पहिल्या परिमंडळात येते, गोदाम ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल तर ते वेगळ्या परिमंडळात असू शकतं. परिमंडळाची व्याख्या प्रत्येक उद्योगाच्या अधिसूचनेत स्वतंत्र दिलेली असते. ती वाचूनच खूण करा.

मग कुशल, अर्धकुशल, अकुशल. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. तीन वर्षांपूर्वी हेल्पर म्हणून लागलेला मुलगा आज एकटा प्रेस चालवतो, डाय बदलतो, पण मस्टरवर अजून अकुशलच आहे. तपासणीला आलेला अधिकारी हुद्दा वाचून थांबत नाही, हाताला काय काम आहे ते बघतो. प्रत्येक नावासमोर प्रत्यक्ष काम एका ओळीत लिहून त्यावर श्रेणी ठरवा. ‘ट्रेनी’ म्हणून ठेवलेल्यांकडेही याच वेळी बघा. शिकाऊ उमेदवारीच्या कायद्याखाली करार नोंदवलेला नसेल तर तो ट्रेनी नाही, कामगार आहे, आणि किमान वेतनाचा हक्कदार आहे.

पगारपत्रक असं बांधा की एकच खाना बदलावा लागेल

विशेष भत्त्याचा आकडा एकाच खान्यात ठेवा आणि रोजचा दर, ओव्हरटाइम, भविष्य निर्वाह निधी, बोनसची तरतूद, सगळं त्याला जोडा. हातानं भरलेला पगार दर सहा महिन्यांनी कुठेतरी चुकतोच.

समजण्यासाठी मनानं घेतलेले आकडे: मूळ वेतन 11,000, विशेष भत्ता 2,500 वरून 2,700. नवं किमान वेतन 13,700 रुपये. रोजचा दर काढायला 26 ने भागायचं, म्हणजे 526.92. आठ तासांनी भागलं की तासाचे 65.87, आणि ओव्हरटाइम दुप्पट दरानं 131.73.

पुष्कळ ठिकाणी गैरहजेरी कापताना 26 ने भागतात आणि ओव्हरटाइम देताना 30 ने. 30 ने भागलं तर ओव्हरटाइमचा तास 114.17 वर येतो. महिन्यात 30 तास जादा काम केलेल्या माणसाचे त्यात 527 रुपये जातात, म्हणजे बरोबर एका दिवसाचा पगार. ही चूक वर्षानुवर्षं तशीच राहते, कारण चिठ्ठीवर फक्त ओव्हरटाइमची एकूण रक्कम छापलेली असते. चिठ्ठीवर तास आणि दर दोन्ही दाखवा. मूळ वेतन आणि विशेष भत्ताही वेगवेगळ्या ओळींत हवेत.

घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता आणि ओव्हरटाइम मिळवून ‘किमान वेतन भरलं’ असं म्हणता येत नाही. ज्या आस्थापनेत 50 किंवा त्याहून जास्त कामगार आहेत तिथे राज्याच्या 1983 च्या कायद्यानं किमान 5 टक्के घरभाडे भत्ता द्यावा लागतो, तोही किमान वेतनावर, वेगळा. विशेष भत्ता वाढला म्हणून प्रवास भत्ता गुपचूप कमी करणं तर अजिबात नको. भत्त्यांत बदल करायचा तर 21 दिवसांची नोटीस द्यावी लागते.

200 रुपयांची वाढ 200 ला पडत नाही

वरच्या उदाहरणात भविष्य निर्वाह निधीचा मालकाचा वाटा प्रशासकीय खर्च व विम्यासह 13 टक्के, ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) 3.25, बोनस 8.33, ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे 4.81 आणि 5 टक्के घरभाडे. 200 चे साधारण 269 होतात. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर निघते, त्यामुळे मागची वर्षंही महागतात: दहा वर्षं झालेल्या कामगारामागे या 200 रुपयांनी देणं 1,154 रुपयांनी वाढतं.

ईएसआयसीची मर्यादा 21,000 आहे. जानेवारीच्या वाढीनं कोणी तिच्या वर गेला तर त्याचं नाव लगेच काढू नका. योगदानाचा काळ 1 ऑक्टोबर ते 31 मार्च असतो, तो संपेपर्यंत कपात चालू राहते आणि माणसाचं संरक्षणही. जुलैच्या वाढीसाठी हीच तारीख 30 सप्टेंबर.

आणखी एक खर्च कुठल्याच टक्केवारीत बसत नाही. नवा हेल्पर 13,700 वर आला आणि आठ वर्षांचा ऑपरेटर 14,000 वरच राहिला, तर ऑपरेटर शेजारच्या गाळ्यात जाईल. वरच्यांनाही थोडं सरकवण्याची तरतूद ठेवावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

फरक वाटताना

आदेश उशिरा आला की मागच्या महिन्यांचा फरक एकरकमी द्या आणि त्याची स्वतंत्र यादी करा: हजर दिवस, ओव्हरटाइमचे तास, जुना दर, नवा दर, फरक. ओव्हरटाइमचा फरक बहुतेक जण विसरतात. वरच्या आकड्यांत तो तासाला 1 रुपया 92 पैसे आहे. मधल्या काळात नोकरी सोडून गेलेल्यांचाही फरक देणं लागतोच, त्यांची बँक खाती जपून ठेवा. यापुढे सोडणाऱ्याचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत आणि मासिक पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत, असं वेतन संहिता, म्हणजे वेतनाचा नवा केंद्रीय कायदा, सांगते.

बँकेत पूर्ण पगार टाकून काही रक्कम रोखीनं परत घेण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती सरळ सरळ कामगाराच्या ताटातली चोरी आहे. ठेकेदार असं करतोय का, हे त्याच्या माणसांना एकेकट्याला विचारा.

ठेकेदाराची माणसं

साफसफाई, पॅकिंग, लोडिंगच्या ठेकेदारानं पगार कमी दिला तर उरलेली रक्कम शेवटी मूळ मालकावर येते, आणि हाउसिंग सोसायटीनंही हे धरून चालावं. करारात एक कलम हवं: विशेष भत्ता बदलला की मजुरीचा भाग वाढ लागू होते त्या 1 तारखेपासूनच बदलेल, ठेकेदाराचं कमिशन बदलणार नाही. बिल मंजूर करण्याआधी बँकेची पगार यादी आणि निधी व ईएसआयसीची चलनं नावानिशी जुळवा. दर माणशी किमान वेतनाच्या खाली आलेलं कोटेशन घेऊच नका, तो तोटा पुढे कोणाच्या तरी पगारातून निघतो. माथाडी आणि सुरक्षा रक्षक मंडळाच्या माणसांचे दर त्यांची मंडळं ठरवतात, ते वेगळे बघावे लागतात.

वेतन संहितेमुळे काय बदललं

वेतन संहिता, 2019 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली. किमान वेतन आता अनुसूचीतल्या, म्हणजे कायद्याच्या यादीतल्या, उद्योगांपुरतं राहिलं नाही, सगळ्या कर्मचाऱ्यांना आहे. जुन्या अधिसूचना संहितेशी विसंगत नसतील तिथवर चालू राहतात. वेतनाची व्याख्याही बदलली: वेतनातून वगळलेले भत्ते (घरभाडे, प्रवास वगैरे) एकूण मोबदल्याच्या 50 टक्क्यांवर गेले तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. मूळ पगार छोटा ठेवून भत्ते फुगवलेली रचना असेल तर पुढचा आदेश येण्याआधीच मोडा.

कमी वेतन दिल्यास 50,000 रुपयांपर्यंत दंड, पाच वर्षांत पुन्हा घडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, भरपाई थकलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत जाऊ शकते, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची. म्हणून जुना आदेश फाडून टाकू नका. प्रत्येक सहामाहीचा आदेश, त्या काळाचं पगारपत्रक, हजेरीपट आणि फरकाची यादी एका फाइलीत लावा, आणि नव्या दरांचा कागद पंच मशीनशेजारी मराठीत चिकटवा, जिथे येता-जाता सगळ्यांची नजर पडते.